पाहुण्यांसाठी नऊ दाबा

माणसाचा अपमान माणसाने केला तर चार शब्द सुनावता येतात, फारच झालं तर बोलणं टाकता येतं. फाटकाने अपमान केला तर काय करायचं, हे मात्र कोणी शहाण्याने सांगून ठेवलेलं नाही. आणि इथे तर फाटक सासरेबुवांचा अपमान दिवसातून तीनदा करत होतं, तेही अतिशय गोड आवाजात.

फाटक इमारतीचं. जुना रखवालदार काम सोडून गेला तेव्हा समितीने त्याच्या जागी दुसरा माणूस न नेमता हे बोलकं फाटक बसवून घेतलं. खांबावरच्या डब्यासमोर कार्ड धरलं की ते कार्डवाल्याचा दर्जा बघायचं. दर्जे दोनच. रहिवासी असला तर "या, रहिवासी" म्हणून कडी सोडायचं. पाहुणा असला तर म्हणायचं, "पाहुणे, कृपया थांबा. आपल्या येण्याची वर्दी दिली जात आहे." मग त्या घरातला भिंतीवरचा फोन वाजायचा. घरात कोणी नसलं तर घरमालकाचा मोबाइल. "पाहुणे आले आहेत. आत घेण्यासाठी नऊ दाबा." नऊ दाबला जाईपर्यंत पाहुणा रस्त्यावर.

सासूबाई गेल्यावर सासरेबुवा लेकीकडे राहायला आले, त्याला आता वर्ष होत आलं होतं. घरात त्यांची खाट होती, छत्रीची खुंटी होती, भांडायला दोन नातवंडं होती. पण फाटकाच्या लेखी ते पाहुणे. दिवसा घर रिकामं, म्हणून फोन वाजायचा तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, जावयाच्या खिशात. जावई तेव्हा साहेबांना रंगीत आलेख दाखवत उभा असायचा. फोनच्या तोंडावर हात धरून तो कुजबुजायचा, "दोन मिनिटं, बाबा. मीटिंगमध्ये आहे." आणि ती दोन मिनिटं, मीटिंगमधल्या सगळ्याच मिनिटांप्रमाणे, लांबत जायची.

"पाहुणे फार येतात हो तुमच्याकडे," साहेब एकदा म्हणाले.

"एकच आहेत, साहेब. तेच परत परत येतात."

या जावयाला इमारतीत कॉम्प्युटरराव म्हणत. एका सभेत पडद्यावर चित्र दिसेना, तेव्हा त्यांनी वायर नीट खोचली होती, तेवढ्यावर ही पदवी मिळाली. वास्तविक त्यांचं काम साहेबांच्या भाषणांसाठी सरकचित्रं, म्हणजे स्लाइड्स, बनवायचं. बाण कुठून कुठे न्यायचा आणि तो निळा ठेवायचा की हिरवा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पदवी मिळाली की माणूस ती परत करत नाही. विचारलं तर ते नम्रपणे म्हणत, "हो, कॉम्प्युटरमध्येच आहे."

सासरेबुवा होते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला होता. समोरचा माणूस अर्धंच सांगतो आणि उरलेलं अर्धं पारड्याखाली चिकटवलेलं असतं, हे त्यांच्या नोकरीचं सार. "आधी स्वतः तोलून बघावं, मग शिक्का मारावा," हे वाक्य ते नातवंडांच्या गृहपाठापासून गॅसच्या टाकीपर्यंत कशालाही लावत.

तर एके दिवशी दुपारी भाजीची पिशवी घेऊन ते फाटकाबाहेर उन्हात उभे होते आणि इकडे कॉम्प्युटरराव नऊ दाबायचं साफ विसरले. शेजारी सायकल टेकवून उभा असलेला पेपरवाला आपुलकीने म्हणाला, "पाहुणे, परत कधी निघणार?"

त्या संध्याकाळी सासरेबुवांनी माळ्यावरून आपली बॅग काढली. "ज्या घराचं दार मला पाहुणा म्हणतं," ते शांतपणे म्हणाले, "तिथे पाहुण्याने किती राहावं याला माप असतं. रविवारी संध्याकाळच्या गाडीने मी माझ्या घरी जातो."

त्यांचं घर म्हणजे कुलूप घातलेल्या दोन खोल्या. तिथे वाट बघणारं कोणी नव्हतं.

"अहो," बायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा तिकडे एकटे जाऊन भिंतींशी बोलणार. रविवारच्या आत त्या फाटकाचं काय ते करा. एवढे कॉम्प्युटरराव म्हणवता ना!"

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. कॉम्प्युटररावांचे स्वतःचे वडील ते शाळेत असतानाच गेले होते. 'बाबा' अशी हाक मारायला त्यांना कित्येक वर्षांनी माणूस मिळाला होता, आणि तो त्यांना गमवायचा नव्हता. पण हे बोलून दाखवायची सवय नसल्यामुळे ते नुसतं म्हणाले, "बघतो."

बघायला ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

"एका घरात चारच रहिवासी," ते म्हणाले. "यंत्रातच तसं आहे. तुम्ही, वहिनी, मुलगा, मुलगी. झाले चार."

"आणि घरात पाच माणसं असली तर?"

"फाटक बसवलं तेव्हा कोणाकडे नव्हती."

"मग कंपनीला सांगा ना."

"कंपनीने फाटकं सोडून गाद्यांचा धंदा काढलाय. गाद्या बऱ्या आहेत म्हणतात." सेक्रेटरी जवळ सरकले. "पण तुम्ही कॉम्प्युटरमधले. फाटकाचं यंत्र मीटरच्या खोलीत आहे, पासवर्ड त्याच्या पाठीवरच चिकटवलाय. घरी बसल्या बसल्या त्याच्या पोटात शिरा आणि काय ते करा. समितीची हरकत नाही. समितीला सांगितलेलंही नाही."

ऑफिसात डेटाबेस सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. कॉम्प्युटरराव त्यांच्या टेबलाशी आजवर फक्त वाढदिवसाच्या वर्गणीसाठी गेले होते. आता मदत मागायला गेले, तर बाईंनी कुठलाही प्रश्न न विचारता सगळं समजावून दिलं. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची. तिच्यातून दूरच्या यंत्राशी जोडून घ्यायचं. मग तिथल्या डेटाबेसशी बोलायचं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता मजकूर. आपण हुकूम लिहायचा, त्याने पाळायचा. ज्याच्या आयुष्याची बैठकच रंगीत बाणांवर होती, त्या माणसाला ती काळी खिडकी बघून अंमळ धडकीच भरली.

पहिल्या संध्याकाळी यंत्राने पासवर्ड मागितला. कॉम्प्युटरराव टाइप करू लागले, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. ठिपकासुद्धा नाही. त्यांनी जोरात टाइप केलं, मग हळू टाइप केलं, मग एका बोटाने. तेवढ्यात समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर वाटीभर साखर मागायला आले होते, त्यांनी वाकून पाहिलं आणि निदान केलं, "कीबोर्ड गेला. मुळापासून गेलाय. बदलावाच लागेल." डॉक्टरांच्या निदानाला आव्हान द्यायची कॉम्प्युटररावांची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी नवा कीबोर्ड आला. त्याचीही अक्षरं उमटेनात. डॉक्टर म्हणाले, "मग नस असेल," म्हणजे वायर. वायरही आली.

शेवटी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "सर, पासवर्ड दिसत नसतोच. दिसला तर पासवर्ड कसला? आंधळेपणाने टाइप करा आणि एंटर दाबा."

त्यांनी एंटर दाबलं, आणि यंत्राने इंग्रजीत एक सूचना पुढे केली. ती वाचून त्यांचा हात थांबला. मागे सासरेबुवा उभे होते. त्यांनीही चष्मा सरकवून ती वाचली. या यंत्राच्या खरेपणाची खात्री देता येत नाही, असं यंत्र स्वतःच म्हणत होतं. तरीही पुढे जायचं नक्की ना?

"खरेपणाची खात्री नाही म्हणतोय ना? मग जाऊ नका," सासरेबुवा म्हणाले. "मी असल्या ठिकाणी दुकानाला सील ठोकत असे."

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांचाच सल्ला मोडून पुढे जाणं बरं दिसेना. एक अख्खी संध्याकाळ वाया गेली. सकाळी बाईंनी सांगितलं, की पहिल्या भेटीत ते यंत्र सगळ्यांनाच तसं विचारतं, 'हो' म्हणावं.

शनिवारी दुपारी कॉम्प्युटरराव यंत्राच्या पोटात शिरले एकदाचे. घर झोपलं होतं. त्या विजयाच्या भरात माणसाने थांबायला हवं होतं, पण त्यांना वाटलं, उद्याच्या कामाआधी हात साफ करून घ्यावा. बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, तेच तेच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची युक्ती. दोन, जोडणी तुटली तरी काम चालूच राहील अशी सोय. यंत्रात फाटकाला बोलायला लावणारा एक छोटा प्रोग्रॅम होता, त्याच्यावर त्यांनी दोन्ही विद्या एकदम वापरल्या. त्यांची समजूत अशी, की आपण हे आपल्याच लॅपटॉपवर करतोय. प्रत्यक्षात काळी खिडकी अजून फाटकातच उघडी होती. लॅपटॉपमधून काही आवाज येईना, तेव्हा "जमत नाही बुवा" म्हणून त्यांनी खिडकी बंद केली आणि आडवे झाले.

खाली फाटक बोलू लागलं. "या, रहिवासी. या, रहिवासी. या, रहिवासी." रिकाम्या रस्त्याला ते आत बोलवत होतं आणि कडी मात्र सोडत नव्हतं. एक कुत्रं येऊन बसलं. पोस्टमन दोनदा मागे वळला. पहिल्या मजल्यावर भूमितीच्या निवृत्त शिक्षिका राहत, त्यांना पहिल्यांदा ते सौजन्य वाटलं, नंतर डोकं दुखू लागलं, आणि मग त्या जिना चढून वर आल्या.

"तुमच्या हातात आहे ना ते फाटक?" त्या म्हणाल्या. "बंद करा आधी. आणि करताच आहात तर त्याला माझ्यासाठी 'बाई' म्हणायला शिकवा. चाळीस वर्षं मला सगळे बाई म्हणतात. 'रहिवासी' काय? रहिवासी तर झुरळंही असतात."

फाटक कॉम्प्युटररावांच्या हातात आहे, ही बातमी चहाच्या वेळेच्या आत इमारतभर झाली. दातांच्या डॉक्टरांना नावापुढे 'तज्ज्ञ' हवं होतं. तळमजल्यावरच्या एकाला आपला मेहुणा रहिवाशाचा पाहुणा करून हवा होता, आणि फाटक जरा रागाने बोललं तर उत्तमच. सगळ्यांना "बघतो" म्हणून, ऑफिसातल्या बाईंना फोन लावून, त्या बोलक्या प्रोग्रॅमचा गळा आवळेपर्यंत संध्याकाळ झाली. सासरेबुवा बॅगेत कपडे भरत होते.

"बाबा, उद्यापर्यंत थांबा," कॉम्प्युटरराव म्हणाले.

"गाडी उद्या संध्याकाळीच आहे," सासरेबुवा म्हणाले. त्यांनी मोबाइलही बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवून दिला.

रविवारी सकाळी बायको मुलांना घेऊन बाजारात गेली आणि कॉम्प्युटरराव काळ्या खिडकीसमोर बसले. ऑफिसातल्या बाईंनी कालच निक्षून सांगितलं होतं, "सर, चार म्हणजे चारच. पाचवा घातलात तर फाटक तुमच्या घरातल्या कोणालाच आत घेणार नाही. एक वाढवायचा तर एक कमी करावा लागेल. आणि हे बघा, आधी 'बिगिन' म्हणायचं. मग बदल करायचे. ते लगेच पक्के होत नाहीत. आधी बघायचं. बरोबर असलं तर 'कमिट' लिहायचं, म्हणजे पक्कं. चुकलं असलं तर 'रोलबॅक', म्हणजे सगळं पहिल्यासारखं. आणि प्रत्येक हुकमाच्या शेवटी अर्धविराम."

कॉम्प्युटररावांनी बिगिन केलं. मग दोन ओळी लिहिल्या. पहिली कशाबद्दल होती ते उघड आहे. दुसरी लिहिण्यापूर्वी ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, आणि मग त्यांनी ती एका दमात लिहून टाकली. त्यांनी ती बायकोलाही सांगितली नव्हती, तेव्हा आपणही आत्ताच विचारायला नको.

आता राहिलं 'कमिट'. बोट कीबोर्डवर गेलंही होतं. पण वर्षभर ऐकलेलं वाक्य कानात घुमलं. आधी स्वतः तोलून बघावं, मग शिक्का मारावा. बाईही म्हणाल्या होत्या, आधी बघा. कॉम्प्युटररावांनी लॅपटॉप तसाच उघडा ठेवला, खुंटीवरून सासऱ्यांचं कार्ड घेतलं आणि प्रत्यक्ष फाटकावर बघून यायला ते खाली उतरले.

खाली दातांच्या डॉक्टरांची नवी खुर्ची आली होती. रोग्याला आडवं करतात ती, दिव्यासकट. तिला आत न्यायचं म्हणून फाटकाला वीट लावून ठेवली होती. त्या उघड्या फाटकातून कॉम्प्युटरराव बाहेर पडले. बायको आणि मुलं पिशव्या घेऊन पोहोचलीच होती. भूमितीच्या बाई खुर्चीचा दाराशी होणारा कोन तपासत होत्या. तेवढ्यात पेपर घेऊन सेक्रेटरी आले आणि त्यांना वीट दिसली.

"फाटकाला वीट लावणं नियमात बसत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी वीट काढली. फाटक मिटलं.

"उघडा आता," डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरींनी कार्ड धरलं. "कृपया थांबा," फाटक म्हणालं, "नोंद होत आहे." सगळे थांबले. बऱ्याच वेळाने ते म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." डॉक्टरांनी धरलं, भूमितीच्या बाईंनी धरलं, बायकोने धरलं. प्रत्येकाला तेच. आत जिन्याखाली बाहेर पडू बघणारे जमले, त्यांनाही तेच.

"आतून एक बटण होतं ना?"

"पोरं दाबायची म्हणून समितीने काढून टाकलं."

"मागचं दार?"

"नवं फाटक आल्यावर वेल्डिंग मारून बंद केलं. ठराव झालाय."

"चावी तरी असेल!"

"आहे की," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "माझ्या घरात. खिळ्याला." आणि जे बोललो त्याचा अर्थ लक्षात आल्यावर ते पदपथावरच्या दातांच्या खुर्चीत बसले. खुर्ची हळूच मागे कलली.

कोणाला वीज तोडायची होती. सेक्रेटरींनी आडव्यानेच सांगितलं, की वीज गेली तर हे फाटक पक्कं बंद होतं, चोरांसाठी तशी खास योजना आहे. मग एकेक करत सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटररावांकडे वळले. त्यांनी पाठ फिरवून ऑफिसातल्या बाईंना फोन लावला.

"सर, कमिट केलंत का?"

"नाही. आधी बघायला आलोय."

"कुठे बघायला?"

"फाटकावर."

पलीकडे बाईंनी एक श्वास घेतला. "स्क्रीनवर बघा म्हटलं होतं, सर. कमिट होईपर्यंत तो बदल तुमच्या खिडकीबाहेर कोणालाच दिसत नाही. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ फाटक त्याच टेबलात लिहितं. ते तुम्ही अर्धवट बदलून धरून ठेवलंय. रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं राहून, खिडकीवर कोपर टेकून, तुम्ही विचार करत बसलाय. तुम्ही हो किंवा नाही म्हणेपर्यंत मागचा कोणी हलणार नाही. घरी कोण आहे?"

कॉम्प्युटररावांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सासरेबुवा उभे होते. भिंतीवरचा फोन फाटकाकडूनच वाजणारा, म्हणजे तोही मुका. मोबाइल बॅगेच्या तळाशी. ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाबा! माझ्या लॅपटॉपवर एक शब्द लिहायचाय! कमिट! सी, ओ, डबल एम, आय, टी! पुढे अर्धविराम!"

"त्याने काय होतं?" सासरेबुवांनी वरून विचारलं.

"फाटक उघडतं!"

"ते झालं. आणखी काय होतं?"

"आणखी काही नाही, बाबा! तुम्ही लिहा!"

'आणखी काही नाही' हे वाक्य सासरेबुवांनी उभ्या जन्मात हजारो दुकानांत ऐकलं होतं. ते आत गेले, आणि बाहेर आले ते चष्मा पुसत.

"इथे दोन ओळी आहेत," त्यांनी साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "पहिलीत माझं नाव, पुढे रहिवासी. दुसरीत तुमचं नाव. पुढे पाहुणा. हा काय प्रकार आहे, जावईबुवा?"

बायको वळून नवऱ्याकडे बघू लागली. "अहो?"

"चारच मावतात, बाबा," कॉम्प्युटरराव म्हणाले. पण हे वर पोहोचेना, म्हणून तेच त्यांना ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून सांगितल्यावर ते आणखीच केविलवाणं वाटलं.

"म्हणून घरमालक पाहुणा? असला काटा मी पास केला नसता!"

"तुम्ही दिवसातून तीनदा जाता-येता! मी एकदा!"

"आणि मला हे मंजूर नसलं तर?"

फोनमध्ये बाई हळूच म्हणाल्या, "सर, रोलबॅक. त्यानेही फाटक उघडेल." कॉम्प्युटररावांच्या मनात आलं, हे सांगूच नये. एकच शब्द आहे म्हणावं, म्हातारा तो लिहील आणि कायमचा राहील. पण अर्धं पारड्याखाली चिकटवून ठेवलं, तर हा माणूस राहिला काय नि गेला काय, आपल्याला पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.

"रोलबॅक लिहिलंत तर सगळं पहिल्यासारखं!" ते ओरडले. "तुम्ही पाहुणे! संध्याकाळची गाडी मोकळी! फाटक तरीही उघडेल!"

"म्हणजे ठरवायचं मी."

"हो, बाबा."

सासरेबुवा आत वळले. त्यांची पाठ दिसताच सरकचित्रांत कधीच न मावलेलं सगळं कॉम्प्युटररावांच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"बाबा, थांबा! मला तुम्ही इथे हवे आहात! हिच्यासाठी नाही! म्हणजे, हिच्यासाठी आहातच! पण मला स्वतःला! सकाळी तुम्ही माझ्या चहात साखर मोजून घालता, ती कमी पडते, मी कुरकुरतो, ते मला आवडतं! मला 'बाबा' म्हणायला दुसरं कोणी नाही!"

दातांचे डॉक्टर खुर्चीचा दिवा निरखू लागले. सेक्रेटरी आडवे होते ते तसेच आभाळाकडे बघत राहिले. भूमितीच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि "धूळ फार आहे" म्हणाल्या. बायकोने नवऱ्याच्या हातात मघाशी दिलेली बाजाराची पिशवी परत आपल्याकडे घेतली.

गॅलरी रिकामी होती. मग सासरेबुवा पुन्हा दिसले.

"शब्द लिहिला. एंटर दाबलं. खाली नुसता एक बाण आलाय."

बाण! कॉम्प्युटरराव आयुष्यात पहिल्यांदा एका बाणाचा अर्थ जाणत होते. "अर्धविराम राहिला, बाबा! तो त्याची वाट बघतोय!"

"हात्तिच्या."

"कोणता शब्द लिहिलात?"

सासरेबुवांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर निरीक्षकाचा जुना दगड. "तोलून बघा," ते म्हणाले आणि आत गेले.

फाटकातून खट्ट असा आवाज आला. सेक्रेटरी खुर्चीतून उठले, कार्ड धरलं. "या, रहिवासी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेक जण आत गेला. आतले बाहेर आले. खुर्चीही गेली, या वेळी विटेशिवाय, तिरकी करून, बाईंनी सांगितलेल्या कोनात. बायको फाटक धरून थांबली. "चला ना माझ्याबरोबर."

"तू हो पुढे," कॉम्प्युटरराव म्हणाले. त्यांना ते एकट्याने ऐकायचं होतं.

मुलं जिन्यावरून धावत गेली, तिच्या पिशव्यांचा आवाज वर वर गेला, फाटक मिटलं. खिशात दोन कार्डं होती. त्यांनी आपलं काढलं. कार्ड डब्यासमोर धरलं आणि डोळे मिटले.

"पाहुणे," फाटक म्हणालं, "कृपया थांबा. आपल्या येण्याची वर्दी दिली जात आहे."

स्वतःच्या घराच्या दारात पाहुणा म्हणवून घेऊन इतका आनंद झालेला माणूस त्या रस्त्याने पाहिला नसेल. कॉम्प्युटरराव फाटकाच्या खांबाला टेकले. वर तिसऱ्या मजल्यावर भिंतीवरचा फोन वाजत होता. वाजतच राहिला. मग कोणीतरी तो उचलला आणि डब्यातून खरखर ऐकू आली.

"कोण आहे?"

"मी आहे, बाबा. नऊ दाबा."

आधी बॅगेची चेन सरकल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार उघडलं. लांबून लेकीचा आवाज आला, ती हसत होती की रडत होती कळेना, आणि नातू विचारत होता की आजोबा, ही छत्री कुठे ठेवू. मग फोनच्या तोंडावर हात धरल्यासारखा आवाज दबका झाला.

"दोन मिनिटं, जावईबुवा. मीटिंगमध्ये आहे."